खोक्यातलं पान

पत्त्यांच्या बाबतीत मी स्वतःला अगदीच अडाणी समजत नाही. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, लाडीस, मेंढीकोट आणि तीनशे चार हे विषय घेऊन माझं शालेय शिक्षण झालं. रमीचं उच्च शिक्षण डोंबिवली ते व्ही. टी. या मार्गावर, चौघांच्या गुडघ्यांवर आडव्या ठेवलेल्या एका ब्रीफकेसवर, २७ वर्षं चाललं. उतारी कुणाची, हुकूम कशाचा आणि हातात जोकर आला असताना चेहरा किती पाडायचा, हे मला कळतं. (यांतलं शेवटचं ज्ञान बँकेच्या नोकरीत पत्त्यांपेक्षाही जास्त उपयोगी पडलं.) त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत मी न्यू जर्सीला मुलाकडे असताना, तेरा वर्षांचा नातू येऊन "आजोबा, कार्ड्स खेळणार?" म्हणाला, तेव्हा मी स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या. पोराला दोन-चार झब्बू द्यावेत, म्हणजे मायदेशाविषयी त्याचा आदर वाढेल, असा माझा शुद्ध हेतू होता.

डाव मांडल्यावर पाहतो तो पानांवर बदाम नाही, इस्पिक नाही, राजा-राणी-गुलाम यांपैकी घरातलं ओळखीचं कुणीच नाही. एका पानावर पंखवाला राक्षस, दुसऱ्यावर नुसतंच धुकं, तिसऱ्यावर एक बाई स्वतःच्याच डोक्यातून वीज काढतेय. आणि प्रत्येक चित्राखाली विमा पॉलिसीच्या मागच्या बाजूला असतो तेवढा बारीक मजकूर. माझ्या चाळिशीला तो वाचता येईना, आणि नातवाला वाचून दाखवताना त्याचं मराठी होईना. पहिल्या दिवशी आम्ही दोघं तीन तास बसलो आणि मी ११ वेळा मेलो.

या खेळाचं नाव मॅजिक : द गॅदरिंग. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञानं तो काढला. गणितज्ञानं पत्ते काढले म्हटल्यावर साध्या माणसाचे हाल व्हायचेच. आपल्याकडे कसं, ५२ पानं सगळ्यांची, त्यातून वाटून येतील ती नशिबाची. इथे प्रत्येकानं आपली गड्डी घरून बांधून आणायची; ऑफिसला डबा नेतात तशी. कमीत कमी ६० पानं. एकच पान चारपेक्षा जास्त वेळा घालायचं नाही; सवलत फक्त साध्या जमिनीच्या पानांना. दोघांकडे २० प्राण. समोरच्याचे शून्यावर आणले की आपण जिंकलो. पान खेळायचं तर शक्ती खर्ची पडते आणि ती शक्ती मुख्यतः देतात जमिनीची पानं. दर पाळीला एक जमीन मांडता येते. सगळ्या कर्तबगारीच्या मुळाशी शेवटी जमीन असते, हे माझे कोकणातले आजोबा वेगळ्या शब्दांत सांगायचे. ते कोर्टात सांगायचे.

खरी मेख पुढे आहे. ही कंपनी तीस वर्षांहून अधिक काळ दर वर्षी नवनवी पानं काढत आली आहे. त्यामुळे काल ज्या गड्डीला अख्खं दुकान घाबरत होतं, तिला आज कुणी विचारत नाही. तिच्यात बिघाड झालेला नसतो, पानं झिजलेली नसतात. भोवतालची पानं बदललेली असतात, इतकंच. हे ऐकल्यावर मला त्या खेळाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

दुसऱ्या दिवशी नातू तळघरातून एक बुटांचं खोकं घेऊन आला. "ही बाबाची जुनी कार्ड्स," तो म्हणाला. मी खोकं ओळखलं. २००४ साली मुलाच्या पदवीदानासाठी मी पहिल्यांदा अमेरिकेत आलो होतो, तेव्हा त्याच्या पलंगाखाली हेच खोकं होतं. शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा घेऊन त्यानं ही चित्रं विकत घेतली, हे कळल्यावर मी जे बोललो ते सगळं आठवत नाही. शेवटचं वाक्य मात्र आठवतं. "नोकरीला लागण्यापूर्वी हा कचरा बाहेर टाक." तो "हो" म्हणाला होता. आमच्या घरात मुलगा वडिलांना "हो" म्हणतो, आणि खोकं तळघरात ठेवतो.

त्या खोक्यातून नातवानं चार पानं काढली. चारही सारखीच. नाव गॉब्लिन चारबेल्चर, २००३ सालचं. चित्रात एका बुटक्या भुतानं बनवावी तशी काहीतरी ओबडधोबड तोफ. बेल्च म्हणजे ढेकर, एवढं इंग्रजी मला येत असल्यामुळे मी त्याचं नाव ढेकऱ्या ठेवलं.

ढेकऱ्याची करामत अशी. चार शक्ती खर्चून त्याला मांडायचं. मग तीन शक्ती देऊन कळ दाबायची. दाबली की आपल्याच गड्डीतली पानं वरून एकेक उलटत जायची, जमिनीचं पान लागेपर्यंत. जमिनीआधी जितकी पानं निघाली तितके समोरच्याचे प्राण गेले. आता विचार करा. गड्डीत जमीनच नसेल तर? तर अख्खी गड्डी उलटेल, चाळीस-पंचेचाळीस पानं निघतील आणि वीस प्राणांचा माणूस एका ढेकरेत दोनदा मरेल.

"पण जमीन नसेल तर ते सात खर्च करायचे कुठून?" मी विचारलं. बँकेत कर्जाच्या अर्जावर मी आयुष्यभर हाच एक प्रश्न विचारला.

"एक्झॅक्टली, आजोबा!" नातू म्हणाला. "म्हणून तो बॅड होता."

जुन्या पानांना मुभा असलेल्या सामन्यांत काही धाडसी लोक ६० पानांत एखादीच जमीन ठेवून, बाकी झटपट शक्ती देणारी पानं भरून हा प्रयोग करत. लागला तर पहिल्याच पाळीला निकाल, आणि समोरच्यानं एकदा अडवलं की हात चोळत बसायचं. पण २०११ पासून मॉडर्न नावाचा जो प्रकार सुरू झाला, ज्यात २००३ पासूनची पानं चालतात, त्यात तेवढी झटपट शक्ती देणारी पानं मिळत नव्हती. तिथे ढेकऱ्याला प्रवेश होता, पण खुर्ची नव्हती.

मग सप्टेंबर २०२० मध्ये झेंडिकार रायझिंग या संचात दुतोंडी पानं आली. पुढच्या बाजूला एखादा मंत्र किंवा प्राणी, मागच्या बाजूला जमीन. हातात आलं की वाटेल त्या बाजूनं वापरा. हातात जमिनी फार येणं किंवा मुळीच न येणं, हे या खेळाचं जुनं दुखणं. त्यावरचा हा उतारा होता. पण गड्डीत असताना हे पान फक्त पुढच्या बाजूनं ओळखलं जातं. आमच्या शाखेतला एक कारकून संध्याकाळी भजनी मंडळाचा बुवा होता, पण रेशनकार्डावर कारकूनच होता, तसं. म्हणजे साठच्या साठ पानांत नावाला एकही जमीन नाही, आणि तरी हातात जमिनीच जमिनी! ढेकऱ्याला सतरा वर्षांनी संसार मिळाला. पुढे जून २०२४ मध्ये मॉडर्न होरायझन्स ३ हा संच आला, त्यात आणखी दुतोंडी पानं निघाली. त्यांत एक निळ्या रंगाचं, समोरच्याचं पान परत त्याच्या हातात पाठवणारं. मग एकदा अडवलं की संपलं, ही अवस्थाही राहिली नाही. गड्डी सावधपणे वाट बघायला शिकली.

आणि नातवाच्या हातातल्या त्या चार पानांवरचं छापील अक्षर एकही बदललेलं नव्हतं. २००३ ची शाई, २००३ चा मजकूर. मी ज्याला कचरा म्हटलं होतं तोच.

त्या रात्री मला झोप आली नाही. सूनबाईंचं निदान जेटलॅग असं होतं. मला येऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते, आम्ही त्यांना लेजरबुवा म्हणत असू. खतावण्यांच्या खोलीत ते राहत, असं म्हटलं तरी चालेल. घरी फक्त झोपायला जात. कुठल्या साली कुठल्या शाखेनं पाठवलेली रक्कम आपल्याकडे सस्पेन्स खात्यात का पडून आहे, हे ते खतावणी न उघडता सांगत. तपासलेल्या नोंदीपुढे लाल शाईची बरोबरची खूण, आणि दोनदा तपासली असेल तर खुणेखाली एक ठिपका. मग संगणक आले. बुवांनी प्रामाणिक प्रयत्न केला. माउस हातात धरून ते तो टेबलावर अशा बेतानं ठेवत, की जणू खरोखरच पळून जाईल. २००० च्या अखेरीस सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. स्वेच्छा कुणाची, हे योजनेत लिहिलेलं नव्हतं. वरून विचारणा झाली, की तुमच्या शाखेत कुणाला 'समजावून सांगता' येईल? मी ऑफिसर होतो. मी बुवांचं नाव दिलं, शेऱ्यात "बदलत्या परिस्थितीत उपयुक्तता मर्यादित" असं लिहिलं आणि वळणदार सही केली. मग त्यांना केबिनमध्ये बोलावून समजावूनही सांगितलं. ते तेव्हा ५३ वर्षांचे होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि २००१ च्या मार्चमध्ये नारळ, शाल आणि धनादेश घेऊन गेले. भाषण मीच केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

२००५ मध्ये सगळ्या शाखा एकाच संगणकाला जोडायचं ठरलं, आणि त्यासाठी जुन्या खतावण्यांतली प्रत्येक न जुळलेली नोंद जुळवणं आलं. नवी पोरं हुशार होती, बोटं विजेसारखी चालवायची. पण १९८७ सालची नोंद बघून ती इजिप्तच्या थडग्यात उतरल्यासारखी हताश होत. वरून तगादा सुरू झाला. शेवटी एका रविवारी मीच बुवांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, काम ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या येतो, साहेब."

ते तीन आठवडे रोज आले. ते आता कर्मचारी नव्हते, म्हणून दारातल्या वहीत अभ्यागत म्हणून सही करत. त्यांना मानधन द्यायची तरतूद कुठल्याच परिपत्रकात सापडेना. मी रोजचे चहा-रिक्षाचे पैसे किरकोळ खर्चात घालून देत असे, आणि ते व्हाउचरवर सही करण्यापूर्वी बेरीज तपासत. एक पोरगा संगणकावर नोंद काढायचा, बुवा तिची जन्मकथा सांगायचे, की जुळली. त्या दोघांची जोडी बघताना मला मजा वाटायची. पोराशिवाय बुवांचं चालत नव्हतं, बुवांशिवाय पोराचं.

शेवटच्या दिवशी निघताना ते माझ्या टेबलाशी थांबले. "साहेब, एक विचारू? चार वर्षांपूर्वी माझा उपयोग नव्हता, आता होता. मधल्या काळात मी नवीन काही शिकलेलो नाही. मग बदललं काय?"

मी म्हणालो, "परिस्थिती."

ते "हं" म्हणाले. छत्री घेतली आणि गेले. २०१७ मध्ये ते वारले. मला चार दिवसांनी कळलं.

निरुपयोगी हा शब्द आपण माणसावर असा चिकटवतो, जणू तो उंची किंवा रक्तगट आहे. ढेकऱ्यानं माझी ही समजूत मोडली. उपयोग हा त्या पानात नसतो. तो त्या पानात आणि शेजारच्या पानात मिळून असतो, आणि शेजारचं पान कधी छापलं जाईल ते कुणाच्या हातात नसतं. योग्य योजक भेटला तर जगात टाकाऊ काही नाही, अशा अर्थाचं एक सुभाषित आम्हाला शाळेत होतं. पण इथे योजक तरी कुठे होता? दुतोंडी पानं काढणाऱ्यांचा हेतू निराळा होता. बँकेनं संगणक आणले ते काही बुवांचं मोल वाढावं म्हणून नव्हे.

इथपर्यंत विचार आला आणि मला बरं वाटू लागलं. मी काही चुकलो नाही, फक्त शेजारचं पान तेव्हा आलं नव्हतं! मग लक्षात आलं, हे बरं वाटणंच संशयास्पद आहे. पानाला खोक्यात वीस वर्षं काढायला काही लागत नाही. त्याला घरभाडं नसतं, मुलीचं लग्न नसतं, सकाळी नऊ बावीसच्या लोकलची वेळ झाली की विनाकारण उठून चप्पल शोधायची सवय नसते. बुवांना होती, त्यांच्या पत्नीनं मला चहा देताना हसत हसत सांगितलं होतं. "परिस्थिती" हे उत्तर पानापुरतं खरं. बुवांना त्या दिवशी परिस्थितीनं केबिनमध्ये बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं. आणि शेरा लिहिताना मी "सध्या" एवढा एक शब्द घालू शकलो असतो. शाई बँकेची होती.

सकाळी हे मी मुलाला सांगायला गेलो, तर तो तिसऱ्याच मुद्द्यावर अडला. "बाबा, ही माझी गड्डी नव्हेच. चार पानं माझी, छप्पन्न त्याची." त्याच्या मते जुनं पुन्हा जिवंत झालं वगैरे खोटं, नव्याच माणसानं जुनं आडनाव लावलं, इतकंच. डोंबिवलीतली आमची इमारत पाडून बारा मजली बांधली, तरी पाटी जुनीच लावली. मग तीच का इमारत? मला पटलं नाही. इमारतीत पाटी सोडून काही उरलं नव्हतं. इथे डाव तोच होता: गड्डीत जमीन ठेवायची नाही, एकच कळ दाबायची. "ही कल्पना तुला २००४ मध्ये सुचली होती की नाही?" "सगळ्यांनाच सुचली होती," तो म्हणाला. "रूममेट्स हसायचे." हे सांगताना तो चाळिशीतला गृहस्थ चक्क लाजला. मग नातवानं त्याला धक्का दिला. त्यांची जुन्यांविषयीची चर्चा मग स्प्लिंटर ट्विन या पानावर घसरली. या पानाचा एके काळी एवढा दरारा होता, की जानेवारी २०१६ मध्ये मॉडर्नमध्ये त्यावर बंदी घातली. डिसेंबर २०२४ मध्ये बंदी उठली. पोरं वाट बघत होती, की आता पुन्हा धुमाकूळ घालणार. "आणि?" "काहीच नाही, आजोबा. नोबडी केअर्ड." निवृत्त फौजदार चौकातून गेला तर त्याला आता भाजीवालाही रस्ता देत नाही, तसंच झालं. नुसतं खोक्यातून बाहेर काढून भागत नाही तर! मला हे ऐकून का कोण जाणे, जरा धीर आला. सगळीच जुनी पानं ढेकऱ्या निघाली असती, तर मी बँकेत लिहिलेले बाकीचे शेरेही आठवत बसलो असतो.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. लांब टेबलं, तीस-चाळीस माणसं. शाळकरी पोरांपासून माझ्या अर्ध्या वयाच्या टकल्यांपर्यंत. आवाज फक्त पानं पिसण्याचा. चहा नव्हता, तेवढं सोडलं तर वातावरण थेट आमच्या लोकलच्या डब्यासारखं. नातवासमोर एक दाढीवाला, विलक्षण सभ्य माणूस बसला. पहिल्या डावात ढेकऱ्या मांडला जाताच त्यानं एक पान टाकून तो हाणून पाडला. दुसऱ्यात नातवानं घाई केली नाही. दुतोंडी पानं जमिनीच्या बाजूनं एकेक मांडत गेला, दोनदा समोरच्याला अडवलं आणि मग ढेकऱ्या ठेवून कळ दाबली. पानं उलटू लागली. एक, दोन, पाच, दहा. माझा मुलगा खुर्चीच्या पाठीला धरून पुटपुटत मोजत होता. एकविसाव्या पानाला दाढीवाला हसला, हात पुढे केला आणि म्हणाला, की ही पानं त्यानं पूर्वीही पाहिली होती. कॉलेजात असताना एका हिंदी मुलाकडे. (तो आमचाच असेल असं मी नाही म्हणत. अमेरिका मोठी आहे.) तिसरा डाव नातू हरला. हरून उठताना त्यानं दाढीवाल्याला विचारलं, की तू शेवटी कुठलं पान घातलंस, आणि ते वहीत लिहून घेतलं.

गाडीत मी विचारलं, "उद्या याच्यावर उतारा म्हणून आणखी नवीन पानं आली, तर?"

"मग परत बॉक्समध्ये."

"टाकून नाही द्यायचं?"

"नाही. बाबाचा रूल आहे. बॉक्स टाकायचा नाही."

मुलगा गाडी चालवत होता. त्यानं आरशातून मागे पाहिलं नाही. मीही खिडकीबाहेरच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खोकं माझ्यासमोर ठेवलं. ढेकऱ्याची चार पानं काढून घेतली तरी त्यात आठशेच्या वर पानं उरली होती. नातवाच्या मते त्यांतलं एकही आजच्या घडीला कामाचं नाही. "बाबा, एवढं नीट लावून, यादी करून द्याल? तुम्हाला वेळ आहे." वेळ आहे हे मला कुणी सांगितलेलं आवडत नाही. पण मी लांब वही मागवली, रकाने आखले: नाव, साल, रंग, नग. नातवानं भिंग आणून दिलं आणि न वाचता येणारी नावं वाचायला शेजारी बसला.

"सूनबाई," मी स्वयंपाकघराकडे बघून म्हणालो, "लाल पेन आहे का गं घरात?"

शोधाशोध करून नातवाच्या दप्तरातलं एक मिळालं, चमकीचं. पहिल्या नोंदीपुढे मी खूण केली. नाव पुन्हा एकदा भिंगातून वाचून घेतलं आणि खुणेखाली ठिपका दिला. लेजरबुवांना चमकी चालली नसती.